पार्क ग्वेलला जाताय? मग वरून आत शिरा आणि पाण्यासारखे खाली उतरा

बार्सिलोनाला गेलेले आपले बहुतेक लोक पार्क ग्वेलला जातात, त्या रंगीत सरड्यासोबत फोटो काढतात आणि "चढ फार होता बाबा" असं म्हणत परत येतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. दुसऱ्यांदा आई सोबत होती, तिचे गुडघे दुखतात, म्हणून रस्ता बदलावा लागला आणि तेव्हा कुठे कळलं की ही बाग उलट्या बाजूने बघायला हवी.

आधी तिकीट. ऑनलाइनच काढा आणि चार-पाच दिवस आधी काढा, सीझनमध्ये तर अजून आधी, कारण ठरावीक वेळेला ठरावीक माणसंच आत सोडतात. सध्या मोठ्यांना १८ युरो पडतात. तिकिटावर जी वेळ असते तिच्यानंतर अर्ध्या तासात आत शिरायचं, आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत घेत नाहीत, त्यामुळे "जरा खाऊन येतो" वगैरे चालत नाही. पाण्याची बाटली, टोपी आणि थोडं खायला जवळ ठेवा. सकाळचा पहिला स्लॉट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आता जायचं कसं. मेट्रोने लेसेप्सला उतरून चालत जायचा मोह होतो, मॅपवर जवळ दिसतं ना! पण तो चढ म्हणजे पर्वती चढून मग अजून थोडं चढल्यासारखं. वायकार्का स्टेशनकडून गेलात तर रस्त्यातच उघडे सरकते जिने आहेत, पण मधेमधे पायऱ्याही आहेतच. म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर सरळ प्लासा काटालुन्याहून २४ नंबरची बस पकडा, ती वरच्या कार्मेलच्या बाजूला सोडते आणि तिथून आत जाताना फारसा चढ नाही. ११६ नंबरची छोटी बसही आहे पण ती राहू द्या, त्यात टुरिस्टांची इतकी गर्दी व्हायला लागली की तिथल्या म्हाताऱ्या लोकांना बसायला जागा मिळेना, शेवटी २०२४ मध्ये तिचा रूट गुगल मॅप्सवरून काढायला लावला.

दम असेल तर आधी वर तीन क्रूसांच्या टेकडीवर जाऊन या, समुद्रापर्यंत सगळं शहर दिसतं. नसेल तर सोडून द्या, बागेतल्या मुख्य चौकातूनही छान दिसतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे बघताना मजा येईल. ही मुळात बाग नव्हतीच, आपल्याकडे असते तशी प्लॉटिंगची स्कीम होती! एउसेबी ग्वेल नावाच्या बड्या उद्योगपतीने १९०० मध्ये गाउदी या नामवंत वास्तुकाराला कामाला लावलं, श्रीमंतांसाठी ६० प्लॉट पाडायचे ठरले, पण जागा शहरापासून लांब, यायची-जायची सोय नाही, वर बांधकामाच्या अटी कडक, त्यामुळे घरं झाली जेमतेम दोन. १९१४ ला काम थांबलं आणि १९२६ मध्ये ती सगळ्यांसाठी बाग म्हणून खुली झाली. त्या दोनपैकी एका घरात गाउदी स्वतः वीसेक वर्षं राहिला, आता तिथे म्युझियम आहे, त्याचं तिकीट वेगळं.

तर मुख्य चौकात या. कडेने नागमोडी बाक आहे, सगळा फुटक्या टाइल्सचा. आई त्यावर टेकली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपल्या गच्चीवरचं चायना मोझॅक!" आणि खरंच तेच की, सपाट टाइल वाकत नाही म्हणून फोडून लावायची. फक्त इथे रंग आणि नक्षी कुठच्या कुठे नेलीय, त्यात जुजोल या गाउदीच्या सहकाऱ्याचा मोठा हात होता.

आता पायाखाली बघा. एवढा मोठा चौक पण फरशी नाही, माती आहे. ती मुद्दाम. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, गाळलं जातं, आणि खाली जे खांब आहेत त्यांच्या आतल्या पाइपांतून उतरून तळाच्या टाकीत जातं, जवळजवळ १२ लाख लिटरची टाकी! म्हणजे ज्याला आपण चौक म्हणतोय ती खरं तर गच्ची आहे.

मग जिन्याने खाली खांबांच्या दालनात जा, ८६ खांब, कॉलनीचा बाजार इथे भरायचा होता. बाहेरच्या रांगेतले खांब तिरके आहेत ते बघा आणि मान वर करून छतातली मोझॅकची चक्रं बघा, बहुतेक लोक सेल्फीच्या नादात वर बघतच नाहीत. इथे सावली असते, दहा मिनिटं बसा, पण पर्स पुढे धरून, कारण गर्दीत पाकीटमार असतात.

सगळ्यात शेवटी पुढच्या पायऱ्या उतरा. तिथे तो प्रसिद्ध सरडा, म्हणजे ड्रॅगन. टाकी भरली की जादा पाणी त्याच्या तोंडातून बाहेर पडावं अशी सोय केलेली. फोटोसाठी इथे कायम झुंबड असते, खालून येणारे सगळे पहिल्यांदा इथेच अडकतात. तुम्ही वरून आलेले, त्यामुळे बाजूला उभं राहून जरा कमी गर्दीचा क्षण बघा, क्लिक करा आणि समोरच्या गेटने बाहेर पडून ग्रासिया या खालच्या वस्तीच्या गल्ल्यांकडे चालायला लागा, सगळा उतारच आहे.