रिकाम्या कोपऱ्याला हात लावण्यापूर्वी

आमच्या दोन इमारतींच्या मधे जमिनीचा एक तिरपा तुकडा आहे. रस्ता रुंद करताना तो उरला आणि तसाच पडून राहिला. गेली सात वर्षं आम्ही दहा-बारा शेजारी मिळून तो सांभाळतो. तुमच्या आसपासही अशी जागा असेल आणि ती तिथल्या माणसांची व्हावी असं वाटत असेल, तर पहिला महिनाभर तिथे काहीही करू नका.

नुसतं बघा. सकाळी जा, भर दुपारी जा, दिवेलागणीला जा, पाऊस पडून गेल्यावर तर नक्की जा. सोबत वही ठेवा. कोण कुठून आत शिरतं, कुठे रेंगाळतं, पाणी कुठे साचतं, सावली कधी सरकते, सगळं टिपून ठेवा. गवत मरून माती घट्ट झालेली जी पायवाट दिसेल, तिच्यावर वाफा करायचा नाही, लोक तो तुडवणारच.

आमच्याकडे गुडघ्याएवढी एक पडकी भिंत होती. आम्ही पहिल्याच रविवारी ती पाडायला निघालो होतो. मग कोणीतरी हात फिरवून पाहिला. सगळी भिंत खरखरीत, पण वरच्या कडेचा दीड हाताचा पट्टा मात्र तुळतुळीत. दुपारची सावली नेमकी तिथेच पडत होती. रखवालदार, शाळा सुटल्यावरची पोरं, पिशव्या खाली ठेवून दम खाणारी माणसं यांनी वर्षानुवर्षं बसून ती कड गुळगुळीत केली होती. ज्या जागेला आपण ओसाड म्हणतो, ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी वापरात असते. ती भिंत आजही उभी आहे.

डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांनाही हेच दिसलं होतं. आखीवरेखीव बागांपेक्षा मुलं भंगारात आणि अर्धवट बांधकामांवर जास्त रमतात, हे त्यांनी हेरलं आणि त्यातून १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप भागात मोडक्यातोडक्या सामानाचं खेळाचं मैदान उभं राहिलं. मुलं तिथे स्वतः ठोकून-जोडून घरं बांधायची. मोकळ्या जागेची खरी किंमत मला यातच वाटते. तिथे काय करायचं हे अजून कुणी ठरवलेलं नसतं.

त्यानंतर मालकीचा प्रश्न. जागा कुणाच्या नावावर आहे ते भूमी अभिलेखात शोधा आणि थोड्या मुदतीची का होईना, लेखी परवानगी मिळवा. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी कचऱ्याने भरलेला एक भूखंड साफ करून तिथे बाग केली. पुढच्याच वर्षी शहराने तो त्यांना महिना १ डॉलर भाड्याने दिला. काम आधी दिसलं, कागद मागून आला. तरीही कागद हवाच, कारण जागा सुधारली की तिच्यावर डोळा ठेवणारेही वाढतात.

मातीबाबत घाई नको. जुन्या रंगातलं आणि पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं शहरातल्या मातीत टिकून राहतं. भाजी लावायची असेल तर माती प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर बाहेरून आणलेल्या चांगल्या मातीचे फूटभर उंच वाफे करा. राडारोडा उपसताना जाड हातमोजे आणि बूट हवेतच.

बसण्याच्या सोयीत आमचं चुकलं. वर्गणी काढून आम्ही चार बाक सिमेंटमध्ये पक्के बसवले, रस्त्याकडे तोंड करून. वर्षभर त्यावर फारसं कुणी बसलं नाही. सारखी रहदारी बघत कोण बसणार? शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून माणसांचं निरीक्षण केलं होतं. खुर्ची हलती असेल तर माणूस बसण्याआधी ती थोडीशी सरकवतो, हे त्यांना वारंवार दिसलं. आम्ही दोन बाक उखडले आणि हलक्या खुर्च्या आणल्या. आता संध्याकाळी त्यांची कोंडाळी होतात, सकाळी त्या एकेकट्या विखुरलेल्या असतात. दोन चोरीला गेल्या, हेही सांगायला हवं. तरी मी पुन्हा खुर्च्याच घेईन.

मुलांसाठी महागडी खेळणी नकोत. डच वास्तुरचनाकार आल्डो व्हान आइक यांनी १९४७ पासून ॲम्स्टरडॅममध्ये सातशेहून अधिक क्रीडांगणं रचली. त्यातली बरीचशी पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांवर होती. वाळूचा हौद, कोलांट्या मारायला वाकवलेल्या नळ्या, उड्या मारायला ठोकळे, एवढ्यावर त्यांचं भागायचं. हौदाची कड रुंद ठेवा, म्हणजे मोठ्यांनाही तिथे टेकता येतं.

दिवा, पाण्याचा नळ, झाडण्याच्या पाळ्या यांची सोय पहिल्याच बैठकीत लावा. पाळीचा कागद भिंतीवर चिकटवा.

आणि एक भाग मुद्दाम सोडून द्या. बर्लिनचा टेम्पलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांसाठी खुला झाला. २०१४ च्या सार्वमतात नागरिकांनी तिथे इमारती नकोत असा कौल दिला. धावपट्ट्या होत्या तशाच आहेत, लोक त्यांवर सायकली चालवतात, पतंग उडवतात. आमच्या तुकड्यातला मागचा कोपरा आम्ही असाच ठेवला आहे. तिथे रानगवत कमरेपर्यंत वाढतं. गेल्या महिन्यात त्यातून एक नवी, वीतभर रुंदीची पायवाट उमटली आहे. ती कुठे जाते ते मी अजून वहीत टिपते आहे.