पार्सल हरवलं? निदान या चुका तरी टाळा

ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय आणि दारात काहीच नाही. अशा वेळी घाईघाईत गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायला जाऊ नका. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबरही असतात. समोरचा गोड बोलून ‘पत्ता अपडेट करायला पाच रुपये भरा’ म्हणत लिंक पाठवतो, नाहीतर *401* आणि पुढे एक मोबाइल नंबर डायल करायला लावतो. तो लावला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि कॉलवर येणारा ओटीपीही त्याच्याच कानी पडतो. चुकून लावलाच, तर लगेच ##002# डायल करून कॉल वळवणं बंद करा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तातडीने कळवा. नंबर घ्यायचाच तर ऑर्डरच्या अ‍ॅपमधून किंवा कुरिअरच्या पावतीवरून घ्या.

ओटीपीचंही तसंच. भरदुपारी डिलिव्हरीवाल्याचा फोन येतो, ‘मैडम, ओटीपी बता दो, गार्ड के पास रख दूँगा।’ बिचारा उन्हात फिरतोय म्हणून आपणही सांगून टाकतो. पण ओटीपी दिला की कागदोपत्री पार्सल तुम्हाला मिळालं. नंतर ते वॉचमनकडे सापडलं नाही तर तुमची बाजू लंगडी होते. पार्सल हातात आल्याशिवाय, किंवा घरच्या कुणी घेतल्याशिवाय, ओटीपी सांगू नका. पोराशी वाद घालायची गरज नाही, ‘शाम को ले आना’ एवढं पुरे.

आपल्या इंदूरात निम्मा घोळ पत्त्याचा. स्कीम 71 फूटी कोठीकडे, स्कीम 78 विजयनगरकडे, म्हणजे शहराची दोन टोकं. फोनवर ‘इकहत्तर’ आणि ‘अठहत्तर’ सहज एकसारखं ऐकू येतं. सुदामा नगरात सेक्टर लिहिला नाही तर डिलिव्हरीवाला नुसता घर नंबर घेऊन गल्ल्या पालथ्या घालतो. म्हणून सेक्टर, ठळक खूण आणि पिनकोड तिन्ही लिहा. सुदामा नगरचा पिन 452009, विजयनगरचा 452010. घर बदललं असेल तर अ‍ॅपमधला जुना पत्ता आधी काढून टाका.

‘दोन दिवस बघू, येईल’ म्हणत बसू नका. शेजारी आणि वॉचमन यांना विचारा, डिलिव्हरीचा फोटो असेल तर दार आपलंच आहे का ते बघा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार करा. तक्रार करायची ती जिथे पैसे भरले तिथे. कुरिअर कंपनी त्या विक्रेत्याची, तुमची नव्हे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. तक्रार क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे ग्राहक आयोग आहेच, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही.

फोन न करताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारला असेल, तर त्या दिवसाच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडा आणि अ‍ॅपमध्ये नवी तारीख द्या.

पुण्याच्या भाचीला फराळ किंवा साडी तुम्ही स्वतः पाठवली असेल तर गणित उलटं. तिथे कुरिअरचे किंवा टपालाचे ग्राहक तुम्ही, तेव्हा तक्रारही तुम्हीच करायची. त्यासाठी पावती लागते, तिचा फोटो बुकिंगच्या खिडकीवरच काढा. स्पीड पोस्टच्या पावतीवर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन असा 13 खुणांचा नंबर असतो. विमा नसेल तर हरवलेल्या स्पीड पोस्टची भरपाई टपालखर्चाच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातली कमी असेल तीच. पैठणी पाठवायची असेल तर विमा उतरवूनच पाठवा.