एंजलची जोडी जमली, अंडीही दिली, पण पिल्लं नाहीत? या चुका टाळा

एंजल माशांची जोडी पानाशी घोटाळू लागली की घरातल्या सगळ्यांची नजर टाकीकडे वळते. दोघं समोरासमोर येऊन अंग थरथरवतात, मान झटकतात, मग ॲमेझॉन स्वॉर्ड या पाणवनस्पतीचं एखादं रुंद पान किंवा चक्क फिल्टरचा पाइप निवडून तोंडाने घासत राहतात. मादी त्यावर पोट टेकवून ओळीने अंडी चिकटवत वर सरकते आणि नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून जातो. शेदोनशे अंडी सहज होतात. आणि दोन दिवसांत पान पुन्हा कोरं! "खाल्ली मेल्यांनी" म्हणून मोकळे होऊ नका. बहुतेक वेळा चूक टाकीबाहेरच्या माणसाची असते.

दुकानातून "जोडी" आणणं. कुर्ला असो की क्रॉफर्ड मार्केट, एंजलचा नर कोणता नि मादी कोणती हे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. कपाळाच्या उंचवट्यावरून काढलेला अंदाज कित्येकदा चुकतो. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली नळी दिसते, तेव्हाच नक्की कळतं: नराची बारीक, टोकदार, मादीची जाड, बोथट. दोन माद्याही जोडी जमवतात, पान घासतात, अंडी देतात. ती सगळीच्या सगळी पांढरी पडली तर आधी हीच शंका घ्या. त्यापेक्षा सहा लहान एंजल आणा नि वाढू द्या. वयात आल्यावर त्यातले दोघं एक कोपरा धरतील आणि बाकीच्यांना फिरकू देणार नाहीत. तेव्हा शक्य असेल तर जोडीला न हलवता बाकीचे मासे दुसऱ्या टाकीत न्या. जोडीला साधारण दोन फूट लांब, दीड फूट उंच टाकी पुरते.

तोंडात तोंड अडकलं म्हणून वेगळं करणं. दोघं एकमेकांचे ओठ धरून ओढाताण करतात, ते पाहून नवा माणूस घाबरतो आणि जाळी घालतो. ही ताकदीची पारख आहे, थोडा वेळ चालते नि सुटते. मधे पडू नका. मात्र एक मासा सतत पृष्ठभागाशी कोपऱ्यात दबून राहिला, त्याचे पर फाटले, खाणं सुटलं, तर त्याच दिवशी वेगळं करा.

अंडी दिसताच सगळं करायला जाणं. सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. पाणी बदलायचं, काच पुसायची, मोबाइलचा लाइट मारून फोटो काढायचे, शेजाऱ्यांना बोलवायचं. राखणीवरच्या माशाला हा सगळा हल्लाच वाटतो, आणि धोका वाढला की तो अंडी गिळून टाकतो. चार-पाच फुटांवर खुर्ची टाका आणि शांत बसा. मग खरी गंमत दिसते. एकजण पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवत राहतो, दुसरा पहारा देतो, थोड्या वेळाने पाळी बदलते. पांढरी पडलेली अंडी ते स्वतःच वेचून खातात. तीच बघून "खायला लागले" अशी ओरड होते! ती अंडी फळलेली नसतात, त्यांच्यावर बुरशी चढते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांपर्यंत पोचते. म्हणजे मासा त्या वेळी सफाई करत असतो.

रात्रीचं काय, हे फार जण विसरतात. लाइट अचानक बंद केला तर जोडीला काही दिसत नाही, आणि टाकीत सकर (काचेवरचं शेवाळ खाणारा मासा) असेल तर तो अंधारात पान साफ करून जातो. सकर आधीच बाहेर काढा, खोलीत एखादा मंद दिवा राहू द्या.

तरीही पहिल्या दोन-तीन वेळची अंडी नवी जोडी खाते. माझ्याकडच्या जोडीने तीनदा खाल्ली, चौथ्यांदा पिल्लं घेऊन फिरली. अंडी गेली की पुष्कळदा आठ-दहा दिवसांत ती पुन्हा देतात, तेवढा धीर धरा. दरवेळी अंडी उचलून मिथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या औषधाच्या पाण्यात वाढवली तर पिल्लं मिळतील, पण आईबापांची राखण बघायला मिळणार नाही. माझ्या मते तीच बघण्यासारखी गोष्ट आहे.

बोअरचं पाणी. मोठे एंजल जड पाण्यात मजेत राहतात, म्हणून पाणी ठीक आहे असं वाटतं. पण हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. तिथलं पाणी मऊ, किंचित आम्ल. जोडी खात्रीची असूनही दरवेळी बरीच अंडी पांढरी पडत असतील तर निम्मं आरओचं पाणी मिसळून बघा. हा बदल एका दिवसात नको, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला. हीटर २८ अंशांच्या आसपास ठेवा.

खाण्याची तयारी उशिरा करणं. २८ अंशांना अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात. पिल्लं डोक्यावरच्या चिकट धाग्याने पानाला लोंबकळतात, शेपटी वळवळत असते. एखादं गळून पडलं की आईबाप त्याला तोंडात घेऊन परत चिकटवतात. या वेळीही "गिळलं" म्हणून घाबरू नका. आणखी चार-पाच दिवस पोटातल्या बलकावर निघतात, तोवर काही घालू नका, पाणी खराब होईल. पोहू लागली की मात्र त्याच दिवशी ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जिवंत जीव, हवा. त्याची अंडी मिठाच्या पाण्यात फुटायला साधारण २४ तास लागतात, म्हणजे तयारी आदल्या दिवशी. थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा घाला. पावडरवर भागेल असं समजू नका, पिल्लं हलणारं अन्नच ओळखतात. पॉवर फिल्टर काढून स्पंज फिल्टर लावा, नाहीतर सगळी आत ओढली जातील.

पिल्लांचा थवा आईबापांभोवती फिरत असतानाच ते एक दिवस पुन्हा पान घासू लागतील. तेव्हा लक्ष ठेवा, पिल्लांना हुसकावताना दिसले की त्याच टाकीतल्या पाण्यासकट पिल्लं दुसऱ्या टाकीत हलवा.