युरोपच्या गॅसच्या बातम्या वाचायच्या कशा

आधी टीटीएफ बघा. हा नेदरलँडच्या बाजारातला गॅसचा घाऊक भाव, युरो प्रति मेगावॅट-तास, युरोपात सगळे यावरच बोलतात. ऑगस्ट 2022 ला तो 300 च्या वर गेला होता, त्यामुळे आजचा आकडा नुसता बघू नका, त्याच्याशी ताडून बघा.

मग साठा. उन्हाळ्यात जमिनीखालचे गॅसचे साठे भरतात, हिवाळ्यात रिकामे होतात, म्हणून ऑक्टोबरात किती टक्के भरलंय ते महत्त्वाचं, एप्रिलमधे कमी दिसलं तर लगेच घाबरायचं नाही.

आता खरी गोष्ट, गॅस येतो कुठून. 2021 पर्यंत युरोपियन युनियनच्या आयातीतला 40 टक्क्यांच्या आसपास रशियाचा होता, पाइपलाइनने, आणि पाइप काय उचलून दुसरीकडे नेता येत नाही. एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप गॅसचं, तसं नाही, उणे 162 अंशाला थंड करून जहाजात भरला की जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे जहाज वळतं. 2022 ला रशियाचा गॅस आटला, युरोपने जहाजांसाठी चढा भाव दिला आणि पाकिस्तान, बांगलादेशात विजेसाठी गॅस कमी पडून लोक अंधारात बसले, हे मला फार लागलं. म्हणून युरोपची बातमी वाचली की आशियाचा जेकेएम, म्हणजे तिथला एलएनजीचा भावपण उघडून बघाच.