माजी आमदाराच्या आठवणी उतरवून घ्यायच्या तर कशा

नागपुरात दर मोहल्ल्यात एखादे भाऊ असतातच, कधीकाळी नगरसेवक नाहीतर आमदार होते, आता सकाळी गॅलरीत पेपर घेऊन बसतात, अन् ज्यांनी वेगळ्या विदर्भासाठी लढणारे जांबुवंतराव धोटे, कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन, मुख्यमंत्री वसंतराव नाईक अशी माणसं जवळून पाहिलीत. घरचे म्हणतात हे सगळं लिहून काढलं पाहिजे बाप्पा, पण लिहीत कोणीच नाही. तुम्ही मनावर घेतलं असेल तर वाचा.

सगळ्यात आधी, "जांबुवंतराव कसे होते हो भाऊ?" असं विचारूच नका. असं विचारलं की भाऊ थेट शोकसभेत शिरतात, फार मोठा माणूस, शब्दाचा पक्का, कार्यकर्त्यांवर जीव. हे तर कोणाबद्दलही म्हणता येतं! त्यापेक्षा जागेचं विचारा, जेवणाचं विचारा. हिवाळी अधिवेशनात आमदार निवासातल्या तुमच्या खोलीत गावाकडचे किती लोक येऊन झोपायचे, विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाताना डब्यात कोण कोण असायचं, विरोधी पक्षवाले एकमेकांचा डबा खायचे का, कस्तुरचंद पार्कच्या सभेत तुम्ही स्टेजवर होते की खाली. असं विचारलं की मोठा माणूस आपोआप चपला घालून खोलीत येतो, तंबाखू मागतो, कोणावर तरी चिडतो. तेच आपल्याला पाहिजे.

रेकॉर्डिंग फोनवर होते, वेगळी मशीन लागत नाही. पण कूलर बंद करायचा! मे महिन्यात नागपुरात हे सांगणं म्हणजे शत्रुत्व घेणं आहे, म्हणून शक्यतो हिवाळ्यात बसा, नाहीतर अगदी सकाळी. एका वेळी तासभर बास. काकूंना खोलीत बसू द्या, त्या मधेच "तेव्हा तुम्ही कुठे होते, तुम्ही तर दवाखान्यात होते" असं म्हणतात अन् एका वाक्यात अर्धा इतिहास सरळ होतो. जुने कार्यकर्ते मात्र त्या वेळी नकोत, चार लोक समोर बसले की भाऊ पुन्हा भाषण करून राहिले समजा. जुन्या ड्रायव्हरला वेगळं भेटा, त्याला सगळं माहीत असते.

आता मुख्य काम. भाऊ जे सांगतात त्यात तीन गोष्टी कालवलेल्या असतात, स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं, अन् नंतर कुठेतरी वाचलेलं. त्यांना स्वतःलाही आता फरक कळत नाही, यात खोटेपणा नाही, पन्नास वर्षं तोच किस्सा सांगितला की असंच होते. लिहून काढताना तिन्हींना तीन रंग द्या अन् प्रत्येक किश्शाला तारीख लावून पहा. उदाहरण सांगतो. कोणी म्हणालं की मा. सां. कन्नमवार मुख्यमंत्री असताना मी चार-पाच वर्षं त्यांच्या बंगल्यावर जायचो, तर थांबा, कन्नमवार मुख्यमंत्री झाले नोव्हेंबर 1962 ला आणि पदावर असतानाच 24 नोव्हेंबर 1963 ला गेले, म्हणजे जेमतेम वर्षभर. बहुतेक ते मंत्री असतानाच्या भेटी त्यात मिसळल्या असतील. धोट्यांचंही तसंच, 1971 ला ते नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉककडून खासदार झाले अन् 1980 ला इंदिरा काँग्रेसकडून, तर प्रचाराच्या जीपचा किस्सा कोणत्या निवडणुकीचा हे झेंडा कोणता होता विचारलं की कळते. दीक्षाभूमीचं विचाराल तेव्हा दिवस विचारा. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, ते मोठं भाषण दुसऱ्या दिवशी 15 ला. आणि भाऊंचं वय मोजा. तेव्हा आठ वर्षांचे असतील तर वडिलांच्या खांद्यावरून पांढरे कपडेच कपडे दिसले एवढंच त्यांचं स्वतःचं, भाषणाचा सारांश नंतरचा. मला विचाराल तर खांद्यावरचं ते दृश्य सारांशापेक्षा जास्त कामाचं आहे, तेच ठेवा.

सभागृहातल्या भाषणांचे किस्से तपासणं सोपं, विधिमंडळाच्या कामकाजाचा छापील वृत्तांत असतो. बाकीच्यासाठी जुन्या पेपरांच्या फाइली. तारीख चुकलेली निघाली तर तोंडावर वाद घालू नका, किस्सा त्यांच्या शब्दांत तसाच ठेवा आणि खाली आपली टीप टाका.

फोटो सगळे काढायला लावा, प्रत्येकात कोण उभं आहे ते मागे पेन्सिलने लिहून घ्या, बॉलपेन नको, पुढे उमटते. कडेला अर्धा कापला गेलेला माणूस कोण हेही विचारा, बरेचदा खरा किस्सा त्याचाच असतो.

तिकीट कोणी विकलं, पाकीट कोणी घेतलं, असं पण निघेलच. माणूस हयात असेल आणि हातात कागद नसेल तर ते बाहेर ठेवायचं, बदनामीची केस झाली तर तारखांना भाऊ नाही जाणार, तुम्ही जाल. महिन्याभराने पुन्हा विचारा, निम्म्या वेळा भाऊच म्हणतात राहू दे ते.

पहिला खर्डा झाला की मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, बाजूला चार बोटं समास सोडा, स्पायरल बाइंडिंग करून पेनसकट त्यांच्या हातात द्या. मोबाईलवर पीडीएफ पाठवू नका, ते नुसता अंगठा पाठवतात.