मिक्सरचा आवाज शेजारी कसा पोचतो?

पहाटे चटणी वाटायला घेतली की शेजारी जागे होतात, कारण मिक्सरची थरथर ओट्यातून थेट सामाईक भिंतीत शिरते. मिक्सर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पायांखाली जाड रबर किंवा जुन्या योगा मॅटचा दुहेरी तुकडा घाला. टॉवेल नको, तळाची छिद्रं बुजून मोटर तापते. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्याही लावून टाका.

त्रास पलीकडून होत असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर लिहू नका, तिथे नुसती भांडणं पेटतात. संध्याकाळी बेल वाजवून सांगा, “काकू, तुमचा ओटा आमच्या बेडरूमच्या भिंतीलाच लागून आहे.” बऱ्याचदा त्यांना पत्ताच नसतो. तरी फरक पडला नाही तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. ध्वनिप्रदूषण नियमांत, 2000 सालच्या, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. निवासी भागात तेव्हा मर्यादा 45 डेसिबल.