हूड ड्रायर दुरुस्त करताय? आधी पिशवी भरून बघा

"काकू, हूडची कॉइल गेलीय, येताना नवीन घेऊन या." पार्लरमधून येणारे बहुतेक फोन असेच सुरू होतात. हूड म्हणजे खाली बसून डोक्यावर टोपासारखा घ्यायचा केस वाळवायचा ड्रायर, आणि कॉइल म्हणजे त्यातली हवा तापवणारी तार. मी कॉइल न घेताच जाते. पिशवीत मल्टिमीटर, सिरीजचा बल्ब (मशिनच्या वाटेत जोडून आत शॉर्ट आहे का ते बघायचा), रंगाचा जुना ब्रश, शिलाई मशिनच्या तेलाची बाटली आणि घडी घातलेली एक मोठी काळी कचऱ्याची पिशवी असते. ती पिशवी बघून कोथरूडच्या एका ताईंनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "लगेच भंगारातच नेताय की काय?"

पुण्यात औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि पार्लरची मशिनं दुरुस्त करायला लागले, त्याला आता तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पटलेली गोष्ट म्हणजे हूड हे तापवायचं मशिन नाही, वाऱ्याचं आहे. उष्णता नुसती मदतीला असते. हे डोक्यात बसलं की अर्धी दुरुस्ती स्क्रू-ड्रायव्हर न लावता होते.

हूड आतून कसं असतं ते आधी बघू. बाहेरचं टोपलं प्लॅस्टिकचं. आत दुसरं टोपलं, त्याला सगळीकडून भोकं. दोन्हींच्या मध्ये बोटभर पोकळी. वरच्या किंवा मागच्या जाळीतून पंखा खोलीतली हवा ओढतो, ती कॉइलवरून जाते, पोकळीत सगळीकडे पसरते आणि भोकांतून डोक्याच्या चहूबाजूंनी उतरून खालच्या काठाने बाहेर पडते. पोकळी कशासाठी? ती नसती तर सगळा वारा पंख्याखालच्या एकाच जागी, टाळूवर आदळला असता. पोकळीत हवा क्षणभर दाटते, म्हणून प्रत्येक भोकातून साधारण सारखी निघते. त्यामुळे त्या पोकळीत तुटलेला क्लिप, कापूस, झुरळ काहीही अडकलं की तेवढ्या भागातले केस ओले राहतात. "डाव्या कानामागे वाळतच नाही" अशी तक्रार आली की मी थेट तिथेच टॉर्च मारते.

हा प्रकार हातातल्या ड्रायरपेक्षा जुना. १८९० च्या सुमारास फ्रान्समध्ये अलेक्झांद्र गोदफ्रुआ या केशभूषाकाराने जे यंत्र केलं, ते बसून वापरायचंच होतं. डोक्यावर टोप आणि टोपाला शेगडीच्या धुराड्याला जोडलेली नळी. आपल्याकडे मध्यंतरी हूड अडगळीत गेलं होतं. आता कुरळ्या केसांच्या मुली ते शोधत येतात, आणि त्यांचं बरोबर आहे. केस ओले झाले की त्यांच्यातले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना केस ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून रोलर लावलेले किंवा कुरळे केस वाळताना हलवायचे नसतात. हातातला ड्रायर नेमकं तेच करतो, एका बाजूने फुंकर मारून सगळं विस्कटतो.

आता पिशवी. हूडचा स्विच थंड हवेवर ठेवा, म्हणजे फक्त पंखा चालेल. कचऱ्याची पिशवी चपटी करून तिचं तोंड हूडच्या काठाला कागदी चिकटपट्टीने गोल चिकटवा. व्हायझर, म्हणजे हूडच्या पुढची उघडझाप होणारी झडप, उचललेला असेल तर खाली घ्या. बटण दाबा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. माझी पिशवी साठ लिटरची आहे. ती तीन सेकंदांत टम्म फुगली तर वारा सेकंदाला वीस लिटर, म्हणजे हूड ठणठणीत. सहा-सात सेकंद लागले तर कॉइलकडे बघूसुद्धा नका, रोग पंख्याकडे आहे.

इथे थोडं गणित करते, कंटाळू नका. सेकंदाला एक लिटर हवा एक अंशाने तापवायला साधारण सव्वा वॉट लागतो. सातशे वॉटचं हूड आणि वारा वीस लिटर असेल, तर हवा अठ्ठावीस-तीस अंशांनी तापते. वारा दहा लिटरवर आला की तीच कॉइल तीच हवा छप्पन्न-साठ अंशांनी तापवते. म्हणजे खोली अठ्ठावीसवर असेल तर केसांवर पंच्याऐंशी! मग थर्मोस्टॅट दर दोन मिनिटांनी कॉइल बंद करतो, हूड कधी गरम कधी गार, आणि ताई फोनवर सांगतात, कॉइल गेलीय.

ऋतूंचंही यातच आलं. कॉइल तापमान ठरवत नाही, खोलीच्या तापमानात फक्त तीस अंशांची भर घालते. मे महिन्यात दुपारी खोली छत्तीसवर असते, मग केसांवर सहासष्ट. "हूड चटके देतंय" ही तक्रार उन्हाळ्यातलीच. डिसेंबरच्या सकाळी खोली पंधरावर असली की पंचेचाळीस मिळतात आणि बाई तासभर बसून राहते. दोन्ही वेळी मशिनला काहीही झालेलं नसतं. उन्हाळ्यात लोवर चालवा, थंडीत आधी पाच मिनिटं रिकामं चालवून घ्या. पावसाळ्यात हूड काम करत नाही असं जे म्हणतात, ते खरं नाही. अठ्ठावीस अंशांची पंच्याऐंशी टक्के दमट हवा तीस अंशांनी तापवली की तिची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली येते. अडचण येते ती बंद केबिनमध्ये. केसांतून निघालेली वाफ खोलीतच कोंडते आणि पंखा तीच परत ओढतो. दार किलकिलं ठेवा.

पंखा कमी ओढतोय म्हटल्यावर प्लग काढा. दहा मिनिटं गार होऊ द्या, मग उघडा. आतलं टोपलं बहुतेक वेळा तीन किंवा चार स्क्रूंवर असतं, आणि त्यातला एक हमखास कंपनीच्या स्टिकरखाली लपलेला. जाळीवर जे असतं त्याला धूळ म्हणू नये. केस, टाल्कम पावडर आणि हेअर स्प्रे मिळून तयार झालेला तो नमदा असतो. कोरड्या ब्रशने निघत नाही. जाळी सुटी करून कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणात अर्धा तास बुडवा. पंख्याच्या पात्यांवर स्पिरिटचं फडकं फिरवा. पात्यांच्या आतल्या वळणात साचलेला थर दिसत नाही, पण वारा तोच खातो. काडीला कापूस गुंडाळून एकेक पातं पुसा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी मजुरी त्याचीच.

मोटार फिरवून बघा. बोटाने टिचकी मारल्यावर पंखा दोन-तीन फेरे सहज घ्यायला हवा. बुश, म्हणजे मोटारीचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, कोरडे झाले असतील तर दोन्ही टोकांना शिलाई मशिनचं तेल, दोनच थेंब. खोबरेल मुळीच नाही. सदाशिव पेठेतल्या एका पार्लरचं हूड दर थंडीत सकाळी चालायचं नाही आणि अकरा वाजले की आपोआप सुरू व्हायचं. त्यांच्या सासूबाई प्रेमाने दर महिन्याला खोबरेल सोडायच्या. डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं तेल थिजतं तसं बुशमधलंही थिजायचं, आणि खोली तापली की सुटायचं! सासूबाईंना सांगायला मात्र सूनबाईंनी मलाच पुढे केलं.

आणि आता माझीच फजिती, कारण ही चूक तुम्हीही करणार. हूडची मोटार बहुधा शेडेड पोल प्रकारची असते. तिला कार्बन ब्रश नसतात, म्हणून हातातल्या ड्रायरसारखी किंचाळत नाही, बायका तिच्याखाली निवांत मासिक वाचू शकतात. या मोटारीच्या लोखंडी गाभ्यावर दोन कोपऱ्यांत तांब्याच्या जाड कड्या असतात. कोणत्या दिशेने फिरायचं ते त्या कड्या ठरवतात, वायरी उलटसुलट केल्याने काही फरक पडत नाही. सुरुवातीच्या काळात मी एक मोटार साफ करून परत जोडली आणि गाभा पालथा बसवला. मोटार छान फिरली, आवाज नाही, हवा येतेय, गरम येतेय. दुसऱ्या दिवशी फोन: पाच मिनिटांत बंद पडतंय. मी थर्मोस्टॅट बदलला. परत फोन. कॉइल बदलली. परत फोन. तिसऱ्या दिवशी पंखा बंद होताना सहज लक्ष गेलं तर तो उलटा फिरत होता. साधा पंखा उलटा फिरला तर वारा उलटा येतो, म्हणून कळतं. हा पिंजऱ्यासारखा ब्लोअर उलटा फिरला तरी वारा त्याच तोंडातून देतो, फक्त पुष्कळ कमी. म्हणून कळत नाही. दोन सुटे भाग आणि दोन फेऱ्यांचं पेट्रोल माझ्या खिशातून गेलं. कचऱ्याची पिशवी त्या आठवड्यात घेतली. तुम्ही उघडण्याआधी गाभ्यावर मार्करने बाण काढा, मोबाइलवर फोटो घ्या.

एवढं करूनही गरम येत नसेल तर कॉइल मोजा. २३० व्होल्टवर सातशे वॉटची कॉइल साधारण पंचाहत्तर ओहम दाखवते, हजार वॉटची त्रेपन्न. गार असताना दोन-चार ओहम कमी दिसले तर घाबरू नका. मीटरवर काहीच आलं नाही तर कॉइल तुटली असेलच असं नाही. आधी थर्मल फ्यूज बघा, अभ्रकाच्या पट्टीवर कॉइलशेजारी बसवलेली ती छोटी धातूची नळी. थर्मोस्टॅट तापला की उघडतो, निवला की परत जोडतो. फ्यूज मात्र एकदाच उडतो, आणि उडाला म्हणजे थर्मोस्टॅटने किंवा वाऱ्याने दगा दिलेला असतो. ते कारण शोधल्याशिवाय नवा घालायचा नाही. हा फ्यूज डाग देऊन जोडू नका, डाग देतानाच उडतो. क्रिम्पच मारा, म्हणजे धातूची छोटी नळी दाबून जोड घ्या. काही मेकॅनिक तिथे वायरचा तुकडा टाकून "डायरेक्ट" करून देतात. असं हूड माझ्याकडे आलं की मी फ्यूज घालते आणि बिलात वेगळी ओळ लिहिते. ताईंना नको असेल तर हूड तसंच परत, मी हात लावत नाही. खाली माणसाचं डोकं असतं.

कॉइल खरंच तुटली असेल तर नवी तापकीर गल्लीतून आणा, जुनी सोबत न्या. कॉइलची नायक्रोम तारेची स्प्रिंग ताणताना दोन्ही टोकं धरून एकाच झटक्यात सारखी ताणा. एका जागी जास्त ओढली गेली तर तिथली वेटोळी विरळ होतात, आणि जिथे दाट राहतात ती जागा लाल होऊन तिथेच तुटते. टोकांना फायबरची स्लीव्ह घाला, साधी पीव्हीसी वायर वितळते. लो आणि हाय दोन्हीवर सारखंच गरम येत असेल तर लोच्या वाटेवरचा डायोड शॉर्ट असू शकतो. त्याचं काम विजेची अर्धी लाट कापायचं, म्हणजे वॉट निम्मे. तो स्वस्तात मिळतो.

जुन्या बाजारातून एखादं परदेशी हूड उचलून आणलं असेल तर उघडल्यावर आधी नुसतं बघा. कॉइलभोवती पांढरट, तंतू सुटणारा पुठ्ठा दिसला तर खरवडू नका, फुंकू नका, पिशवीत बांधून ठेवा. तो अॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर घातक. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच कारणाने हातातले ड्रायर कंपन्यांना परत घ्यावे लागले होते. मोह कितीही झाला तरी तसलं हूड मी सोडून देते.

बंद करण्यापूर्वी अर्थिंग. प्लगच्या जाड पिनेपासून आतल्या धातूच्या प्रत्येक भागापर्यंत मीटरने टिकटिक वाजायलाच हवी. ओल्या केसांची बाई, ओली फरशी आणि स्टँडचा लोखंडी खांब, यापेक्षा वेगळं कारण देत बसत नाही. पहिली सुरुवात सिरीज बोर्डवरून करा, शंभर वॉटचा बल्ब लावून. फक्त पंख्यावर बल्ब मंद, हायवर लख्ख. पंख्यावरच लख्ख पेटला तर प्लग काढून पुन्हा उघडा. आणि हूडला भिंतीवरचं स्वतंत्र सॉकेट द्या. वॅक्स हीटर, स्ट्रेटनर आणि हूड एकाच एक्स्टेन्शनवर लावलेलं मी दर आठवड्याला बघते.

शेवटची चाचणी मी पार्लरमध्येच करते. पालथ्या पातेल्यावर ओला नॅपकिन पसरायचा, त्याखाली स्वयंपाकाच्या थर्मामीटरची काडी सरकवायची, आणि हूड हायवर. नॅपकिन ओला आहे तोवर काटा पस्तिशीच्या आसपास रेंगाळतो, वरची हवा साठीला टेकलेली असली तरी. पाणी उडताना उष्णता खाऊन जातं ना. नॅपकिन वाळत आला की काटा सरसर चढतो. डोक्यावरही हेच होतं. पहिली वीस मिनिटं बाई म्हणते, "अजून वाढवा हो," आणि शेवटच्या पाचात तीच हवा भाजते. म्हणून टायमर संपायच्या आधी लोवर आणायला पार्लरमधल्या मुलींना शिकवून येते. शिवाय कानातले आणि स्टीलचे क्लिप आधी काढून घ्यायला. धातू केसांच्या आधी तापतो.

नॅपकिननंतर बेसिनखाली केस भिजवून मीच हूडखाली बसते. कोथरूडच्या ताई तेवढ्यात चहा टाकतात. डाव्या कानामागे बोट घालून बघायचं, कोरडं लागलं की मग बिल.